फॅटची पावती आणि लाडवाचं पाकीट



डोंगरपट्टीची नाचणी परवा बडवून झाली. परतीच्या पावसानं थोडी कणसं काळी पडली, तरी घरी खायला आणि बचत गटाच्या लाडवांना पुरेल एवढी निघाली. उसाला अजून तोड मिळालेली नाही. त्यामुळं आज शेतापेक्षा पाकिटाबद्दल लिहितोय. जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

सुरुवात सकाळच्या डेअरीपासून करतो. आज तिथं बाचाबाची झाली. आमच्या आळीतल्या एका दादांच्या गाईच्या दुधाला फॅट ३.२ लागली. काल ३.६ होती. एका रात्रीत गाईनं काय केलं असं? दादा तापले. "मशीन बघा तुमचं आधी," म्हणाले. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या खाली गेलं की पॉइंटामागं पैसे कापतात, हे तुम्हाला माहीतच आहे. शेवटी नमुना परत लावला. ३.५ आली. दादांनी नवी पावती घेतली, नीट घडी करून खिशात घातली आणि गेले.

घरी येताना मला माझंच हसू आलं आणि लाजही वाटली. फॅटच्या एका पॉइंटासाठी आम्ही डेअरी डोक्यावर घेतो. कारखान्याच्या काट्यावर संशय आला तर मोर्चा काढतो. उसाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्यावर धरतात, तर तो उतारा खरा किती, हे विचारतो. आणि मी स्वतः मात्र लोकांना असं पाकीट विकलं, ज्यात काय आहे ते माझ्या सख्ख्या आत्तीला कळलं नाही.

तीच गोष्ट सांगायची आहे.

आमच्या सौ.च्या गटात पाच जणी आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांनी नाचणीचे लाडू करून विकायला सुरुवात केली. प्रमाण आमच्या आईचं. किलोभर नाचणीचं भाजलेलं पीठ, किलोभर गूळ, अर्धा किलो शेंगदाण्याचं कूट, सहाशे ग्रॅम तूप, वरून वेलची. शंभर रुपये भरून अन्न परवान्याची नोंदणी केली, चौदा आकडी नंबर मिळाला. कराडातून स्टिकर छापून आणले. स्टिकरवर पुढं मोठ्या अक्षरात काय लिहायचं, ते मीच सुचवलं होतं: "साखर नाही! फक्त गूळ." लोकांना ते फार आवडलं. अर्ध्या किलोची शे-सव्वाशे पाकिटं महिन्याला जायला लागली.

पहिली दोन वर्षं पाकिटावर पोषणाचा तक्ता नव्हता. तो लागतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. खरं तर कायद्यानं तो लागतोच. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा. त्याखाली २०११ च्या नियमांत पाकीटबंद पदार्थावर ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, साखर आणि फॅट लिहिणं आलं. २०२० च्या नियमांत त्यात वरून घातलेली साखर, संपृक्त फॅट, ट्रान्स फॅट, सोडियम हे पण आलं. एका वेळच्या खाण्यातून दिवसाच्या गरजेच्या किती टक्के मिळतं तेही द्यावं लागतं. त्यासाठी दिवसाचा हिशोब २००० कॅलरी, ५० ग्रॅम वरची साखर, २२ ग्रॅम संपृक्त फॅट, २००० मिलिग्रॅम सोडियम असा धरलाय.

हे आम्हाला कळलं ते पुण्यातल्या एका दुकानामुळं. लाडू आवडले, पण तक्त्याशिवाय ठेवणार नाही म्हणाले. गेल्या वर्षी जूनमध्ये प्रयोगशाळेत नमुना पाठवला. ५,२०० रुपये गेले. म्हणजे गटाचा जवळजवळ एका महिन्याचा नफा. त्या दिवशी मी घरात काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. "शेतकऱ्याच्या लाडवाला कसला तक्ता? मोठ्या कंपन्यांनी केलेले नियम आमच्यासारख्याला मारायला," असं बरंच काही. याच पेजवर तेव्हा तशी पोस्टपण टाकली होती. तुम्ही बऱ्याच जणांनी पाठिंबा दिला होता.

रिपोर्ट आला. इंग्रजीत. मी त्यात प्रथिनं बघितली, ६.४ ग्रॅम. बरी वाटली. बाकीचं बघितलंच नाही. डिझाइन करणाऱ्या पोराला फोटो पाठवला, त्यानं तो तक्ता जसाच्या तसा बारीक अक्षरात पाकिटाच्या मागं बसवला. जुलैपासून नवीन पाकिटं सुरू झाली. मागं इंग्रजी तक्ता, पुढं मराठीत "साखर नाही! फक्त गूळ." दुकान खूश, आम्हीही खूश.

आता आत्तीचं. माझी धाकटी आत्ती कराडकडं दिली आहे. वय अडुसष्ट. दहा-बारा वर्षं झाली, साखर आहे. पण बाई पथ्याची कडक. चहात अर्धा चमचा साखर घ्यायची, ती पण सोडली होती. सणाला पुरणपोळी नातवंडांना वाढायची आणि आपण भाकरी खायची.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर तिच्या पायाला ठेच लागली आणि जखम भरेना. डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या सरासरीची साखर तपासली. आधी ७.२ असायची, ती ९.१ निघाली. गोळ्या त्याच, जेवण तेच. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं की सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन असे लाडू चालू आहेत. आमचेच. कौतुकानं सौ.नंच दर पंधरा दिवसाला डबा भरून पाठवला होता, वर पाकिटंपण.

मी भेटायला गेलो. म्हणलं, "आत्ती, अगं तुला साखर आहे, गोड कशाला खायचं?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "आरं, तुझ्याच पाकिटावर लिवलंय की साखर न्हाय म्हणून. पोरीनं वाचून दावलं मला. आनि तुझ्या घरचं हाय म्हणून खाल्लं."

नात शेजारीच होती, सातवीत शिकणारी. तिनं पाकीट आणून दाखवलं. मी ते उलटं केलं. चष्मा काढून डोळ्याजवळ धरलं तेव्हा वाचता आलं. १०० ग्रॅममध्ये ऊर्जा ४७६ कॅलरी. एकूण साखर २८ ग्रॅम. फॅट २६.५, त्यातली संपृक्त १३.

आमचा लाडू ३० ग्रॅमचा. म्हणजे एका लाडवात आठ ग्रॅमच्या वर साखर. चमचा चार ग्रॅमचा धरला तर दोन चमचे. दिवसाला चार लाडू म्हणजे आठ चमचे. चहातला अर्धा चमचा सोडणारी बाई माझ्या शब्दावर रोज आठ चमचे खात होती. आणि तो आकडा चार महिने माझ्या कपाटातल्या रिपोर्टवर होता, पाकिटाच्या मागं होता.

डॉक्टर भला माणूस. म्हणाला, एकट्या लाडवानंच झालं असं नाही, वयानंपण होतं. पण मला माहीत आहे ना.

काही जण म्हणतील, गूळ म्हणजे साखर थोडीच? मंडळी, आपण गुऱ्हाळवाले. उसाचा रस आटवून जे होतं ते आपणच ढेपेत भरतो. गुळात थोडं लोह आहे, खनिजं आहेत, चव आहे, हे सगळं मान्य. पण ढेपेच्या पाच भागातले चार भागांहून जास्त साखरच असते. रक्तात गेल्यावर ती ढेपेतून आली की पोत्यातून, हे शरीर विचारत नाही.

त्या दिवसापासून माझं मत फिरलं. ते कसं फिरलं ते सांगतो, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना अजून पहिलंच मत पटतं.

एक. "आपल्या आजीच्या लाडवाला कुठं होतं लेबल?" नव्हतं, बरोबर. पण आजी लाडू वळायची तेव्हा गुळाची ढेप आपल्या डोळ्यासमोर फुटायची. किती गूळ पडला ते सगळ्या घराला दिसायचं. पाकीट सील झालं की ते दिसणं बंद होतं. बंद केलं कोणी? आपण. मग आत काय आहे ते सांगणं आपल्याकडंच लागतं. आणि शेतातून निघालेल्या मालाला कोणी तक्ता मागत नाही. बांधावरून नाचणी विका, भाजी विका, शेतकऱ्याच्या शेतावरच्या पिकाला हा कायदा लागूच नाही. प्रश्न फक्त बनवून, बंद करून, नाव लावून विकलेल्या मालाचा आहे.

दोन. जरा आपल्या खोलीत जाऊन बघा, जिथं खतं-औषधं ठेवता. १०:२६:२६ च्या पोत्यावर आकडे मोठे छापलेले आहेत. युरियाच्या पोत्यावर ४६ टक्के नत्र. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानं तो आकडा छापणं बंधनकारक आहे, आणि कमी निघाला तर आपण कृषी खात्यात तक्रार करतो. सोयाबीनच्या पिशवीवर उगवण क्षमता लिहिलेली असते, ७० टक्क्यांच्या खाली चालत नाही. प्रमाणित नसलेल्या बियाण्याला आपण नावच "सत्यप्रत" दिलंय. त्यावरपण लेबल लागतंच. जमिनीला काय घालतो ते आपल्याला पोत्यावर पाहिजे. मग पोराच्या पोटात काय घालतो ते पाकिटावर नको, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

तीन. "लोक वाचत नाहीत, मग छापून काय उपयोग?" मी पण हेच म्हणायचो. पण आत्तीनं वाचून घेतलं होतं. तिच्या भाषेत, मोठ्या अक्षरात, पुढं जे होतं ते तिनं नातीकडून वाचून घेतलं, त्यावर विश्वास ठेवला आणि तसंच वागली. जे इंग्रजीत, मागं, मुंगीएवढ्या अक्षरात होतं, ते तिनं वाचलं नाही. मी तरी कुठं वाचलं होतं? म्हणजे लोक वाचत नाहीत हे खोटं. त्यांना वाचता येईल असं आपण लिहीत नाही, हे खरं.

नियमात गोची इथं आहे. लेबलवरची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत पाहिजे, असं नियम सांगतो. बाकीची भाषा जोडीला वापरायची मुभा आहे, सक्ती नाही. त्यामुळं सातारा जिल्ह्यात बनलेला लाडू सातारा जिल्ह्यातच खपतो, आणि त्याच्यातली साखर मात्र इंग्रजीत. शिवाय १०० चौरस सेंटीमीटरपेक्षा लहान पुडीवर तक्ता नसला तरी चालतो, मोठ्या खोक्यावर असला म्हणजे झालं. पोरं दुकानातून पुडी आणतात का खोकं?

फवारणीच्या डब्यावर बघा कसं केलंय. तिरका चौकोन, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. माझे वडील दुसरीपर्यंत शिकलेले. त्यांना औषधाचं नाव वाचता यायचं नाही, पण लाल त्रिकोणाचा डबा ते आमच्या हाताला लागू द्यायचे नाहीत, वर माळ्यावर ठेवायचे. ज्यानं कोणी तो रंग काढला त्यानं अडाणी माणसाचा विचार केला होता.

खाण्याच्या पाकिटावर असं काही करता येतं का? चिली देशानं केलंय. २०१६ पासून तिथं साखर, मीठ, संपृक्त फॅट किंवा कॅलरी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असली की पाकिटाच्या पुढच्या बाजूला काळा अष्टकोन छापावा लागतो, आत लिहिलेलं असतं: साखर जास्त, मीठ जास्त. २०२० मध्ये मेक्सिकोनंही तसंच केलं. आकडेमोड नाही, चष्मा नाही. काळा शिक्का दिसला की समजायचं.

आपल्याकडं २०२२ मध्ये वेगळा मसुदा आला होता, तारे द्यायचा. अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत. ऐकायला बरं वाटतं. पण त्यात साखर-मीठ-फॅटचे वजा गुण आणि फळं, भाज्या, शेंगदाण्यासारखा दाणा, भरडधान्य, प्रथिनं, तंतू यांचे अधिक गुण अशी बेरीज होती. आमच्या लाडवाचा विचार करा. नाचणी आहे, शेंगदाणा आहे, गुण वाढणार. गुळाची साखर त्या बेरजेत थोडीफार झाकली जाणार. आत्तीला ताऱ्यांचं काय करायचंय? तिला साखर आहे. तिला एवढंच कळायला पाहिजे की ह्यात साखर जास्त आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाकिटाच्या पुढच्या बाजूच्या लेबलबद्दल तीन महिन्यांत शिफारशी करा म्हणून सांगितलं, मग मुदतवाढ मिळाली. मला विचाराल तर काळा शिक्का पाहिजे. आमच्या लाडवावर बसला तरी चालेल. माझ्या अंदाजानं बसेलच.

चार. आता छोट्या माणसाच्या खर्चाचं. हे मत मी सोडलेलं नाही. ५,२०० रुपये मोठ्या कंपनीच्या चहापाण्याचा खर्च आहे, आमच्या पाच बायकांचा महिन्याचा नफा आहे. आणि प्रमाण बदललं की परत तपासणी. पण याला उपाय सक्ती काढून टाकणं हा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय पदार्थांचे तक्ते काढलेत, ५२८ पदार्थांचे. नाचणी, शेंगदाणा, गूळ सगळं त्यात आहे. माझ्या पुतणीनं, ती कृषीला आहे, त्यावरून वहीत गणित मांडलं. लाडवाची साखर २७ ग्रॅम आली. प्रयोगशाळेची २८. घरगुती मालाला एवढा हिशोब पुरे आहे. तालुक्याच्या कृषी कार्यालयात गटांना हे गणित कोणी करून दिलं, वर्षातून एकदा तपासणी स्वस्तात करून दिली, तर एकही गट तक्रार करणार नाही. दुधाचं फॅट मशीन गावागावात आलंच की. ते यायच्या आधीपण लोक म्हणायचे, खेड्यात कुठं एवढं मोजायचं.

आणि प्रत्येक घाण्याला आकडा थोडा इकडंतिकडं होणार, हे धरूनच चालायचं. दुधाचा रोज होतो. म्हणून आपण पावती फाडायची बंद करा म्हणतो का?

आता आम्ही काय केलं ते सांगतो. "साखर नाही! फक्त गूळ." हे काढून टाकलं. उरलेली साडेतीनशे पाकिटं जाळली. पुढच्या बाजूला आता मराठीत मोठ्या अक्षरात आहे: "एका लाडवात साधारण दीड चमचा साखर. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून खा." मागं इंग्रजी तक्ता आहेच, त्याच्या शेजारी तोच मराठीत.

दोनाचा दीड चमचा कसा झाला? सौ.नं प्रमाण बदललं. आधी गूळ अर्ध्यावर आणला तर लाडू वळेना, हातात भुगा व्हायचा. मग किलोला सातशे ग्रॅम गूळ, शेंगदाण्याचं कूट पाऊण किलो, तूप अर्धा किलो, असं जमलं. आईनं खाऊन बघितला आणि म्हणाली, "अळणी लागतोय." चार दिवसांनी परत मागून घेतला.

विक्रीला फटका बसला, खोटं कशाला सांगू. पहिल्या तीन महिन्यांत पाकिटं निम्म्यावर आली. एक जण तर म्हणाला, "स्वतःच्याच मालाची बदनामी कशाला करता?" पुण्याच्या दुकानदारानं पुढची ओळ जरा मागं घ्या म्हणून सुचवलं. घेतली नाही. आता नव्वदच्या आसपास गेलोय. सव्वाशेवर कधी जाईल माहीत नाही. शेजारच्या तालुक्यातला गट "शंभर टक्के साखरमुक्त गुळाचे लाडू" म्हणून विकतो, त्यांचा माल जोरात आहे. म्हणूनच सक्ती पाहिजे म्हणतोय. खरं लिहिणाऱ्याचा तोटा आणि न लिहिणाऱ्याचा फायदा, असं किती दिवस चालणार? काटा सगळ्या कारखान्यांचा तपासला तरच ऊसवाल्याला अर्थ आहे.

आत्तीची जखम दिवाळीनंतर भरली. जानेवारीत साखर ७.८ आली. आता रविवारी एक लाडू खाते, तोही डॉक्टरांना विचारून. परवा नवीन नाचणीचं पीठ द्यायला गेलो होतो. दुकानातून कोणीतरी बिस्किटांचा पुडा आणला होता. तिनं तो नातीच्या हातात दिला आणि म्हणाली, "मागचं वाच गं. किती चमचं ते सांग."

पोरगी तक्ता शोधत बसली. इंग्रजी होता, अक्षर बारीक होतं, पण तिनं भागाकार करून सांगितला.

ऊसतोडीची तारीख मिळाली की कळवतो. तुमच्याकडं कोणी घरगुती माल बनवत असेल तर एकदा वहीत गणित मांडून बघा. आणि आधीच्या पोस्टमध्ये मी जे लिहिलं होतं, ते मागं घेतो.